‘ओल्ड नंबर वन’ : लोखंड किती, इतिहास किती?

जुलै १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी एका दिवाणी दाव्याचा निकाल दिला. वाद होता एका मोटारगाडीचा आणि तिचे मोल ठरले होते एक कोटी पौंड. विक्रेते होते हबर्ड नावाचे गृहस्थ, तर खरेदीदार होती मिडलब्रिज सिमिटर ही कंपनी. एप्रिल १९९० मध्ये व्यवहार ठरला. परंतु पुढे खरेदीदाराने हात आखडता घेतला. करार झालाच नव्हता, असे त्याचे एक म्हणणे होते. दुसरे म्हणणे अधिक मूलगामी होते : ज्या गाडीच्या नावाने हा व्यवहार झाला, ती ही गाडीच नव्हे!

ती गाडी म्हणजे बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’. मोटारशर्यतींच्या इतिहासात ती ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाते. फ्रान्समधील ल माँ येथे सलग चोवीस तास चालणारी शर्यत ही केवळ वेगाची नव्हे, तर प्रामुख्याने तगून राहण्याची परीक्षा असते. सुमारे सोळा किलोमीटरच्या तत्कालीन मार्गावर रात्रंदिवस फेऱ्या मारायच्या आणि चोवीस तासांत जो सर्वाधिक अंतर कापेल तो विजेता. जून १९२९ मध्ये वुल्फ बर्नाटो आणि सर हेन्री ऊर्फ टिम बर्किन यांनी याच गाडीतून ही शर्यत जिंकली. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेंटलीच्याच गाड्यांनी पटकावले. गाडीवर त्या शर्यतीत १ हा आकडा रंगवलेला होता. पुढे तिला मिळालेले नाव त्यावरूनच आले. १९३० मध्ये बर्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी याच गाडीतून पुन्हा विजय मिळवला. कॅराचिओला आणि वेर्नर यांची सुपरचार्जर बसवलेली मर्सिडीज रात्रभराच्या झुंजीत नादुरुस्त झाली आणि मैदान बेंटलीला मोकळे झाले. एकाच गाडीने ल माँची शर्यत दोनदा जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

बर्नाटो हे नुसते चालक नव्हते. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचे ते वारस, आणि १९२६ पासून बेंटली कंपनीचे अध्यक्ष. ल माँला ते तीनदा उतरले आणि तिन्ही वेळा जिंकले. कंपनीचे नशीब मात्र तसे नव्हते. मंदीच्या तडाख्यात १९३१ मध्ये ती डबघाईला आली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली.

गाडीची कहाणी मात्र तेथे संपली नाही. न्यायालयातील वादाची बीजे पेरली गेली ती त्यानंतरच्या काळात. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या मार्गावर १९३१ मध्ये तिने पाचशे मैलांची शर्यत जिंकली. चालक होते जॅक डनफी आणि सिरिल पॉल. पुढील वर्षासाठी तिच्या मूळच्या साडेसहा लिटरच्या इंजिनाऐवजी आठ लिटरचे इंजिन बसवण्यात आले. सप्टेंबर १९३२ मध्ये त्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅकचे बंधू क्लाइव्ह डनफी गाडी चालवीत असता ती उंच कलत्या कठड्यावरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्ह ठार झाले. गाडी भंगारात जायची. पण बर्नाटो यांनी ती पुन्हा उभी करवली, या वेळी रस्त्यावर वापरण्यासाठी, बंद टपाची कूपे म्हणून. कालांतराने हेही रूप गेले.

म्हणजे १९९० मध्ये न्यायालयापुढे आलेल्या गाडीत ल माँच्या विजेत्या गाडीचे उरले होते तरी काय? तज्ज्ञ साक्षीदाराने एकेक भाग तपासून दिलेले उत्तर खरेदीदाराला हवे तसेच होते. १९२९ च्या गाडीतील जवळजवळ काहीही शिल्लक नाही. काही किरकोळ जोडभाग असतीलही, परंतु त्यांचा काळ ठरवणे अशक्य. १९३० च्या गाडीतील तीनच गोष्टी उरल्या : पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, १९३२ चा. आणि इंजिन आठ लिटरचे. एक कोटी पौंडांच्या बदल्यात तीन सुटे भाग, असा हा हिशेब!

तो वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु शर्यतीच्या गाडीचे आयुष्य लक्षात घेतले की त्यातील उणीव दिसू लागते. चोवीस तास तापलेले, हादरलेले यंत्र पुढच्या शर्यतीआधी सुटे केले जाते. झिजलेले, तडा गेलेले भाग फेकून नवे बसवले जातात. प्रसंगी सांगाडाही बदलला जातो. हे काम त्याच कारखान्यात, तेच कारागीर करतात. संग्रहालयातल्या गाडीच्या बाबतीत भाग बदलणे हा दोष ठरेल. शर्यतीच्या गाडीचा तो दिनक्रम असतो. १९३० मध्ये जिंकलेली गाडीही १९२९ ची जशीच्या तशी गाडी नव्हती, तरीही तिला ‘दुसऱ्यांदा विजयी’ म्हणताना कोणीही कचरले नाही. वाड्याची कौले बदलली, वासे बदलले, पुढे एखादी भिंतही नव्याने बांधली, म्हणून त्याला कोणी दुसरा वाडा म्हणत नाही. तोच वाडा एका दिवसात जमीनदोस्त करून नवा उभारला, तर मात्र म्हणतात.

न्यायमूर्ती ऑटन यांनी नेमक्या याच फरकावर बोट ठेवले. एरवी सैलपणे एकमेकांऐवजी वापरले जाणारे शब्द त्यांनी वेगळे केले. ‘मूळ’ म्हणजे कारखान्यातून १९२९ मध्ये बाहेर पडली त्या स्थितीतील. त्या अर्थाने ही गाडी मूळ नाही. १९३० मध्ये धावली आणि जिंकली त्या घडणीची ‘अस्सल’ गाडीही तिला म्हणता येणार नाही. परंतु ती ‘अधिकृत’, म्हणजे त्या नावावर खरा हक्क असलेली ‘ओल्ड नंबर वन’ निश्चित आहे. ही गाडी कधीही नाहीशी झाली नाही. नवे भाग तिच्यात इतक्या हळूहळू मुरत गेले की कोणत्याही टप्प्यावर तिची ओळख पुसली गेली नाही. शिवाय या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली नाही, हयात नाही आणि नष्ट झालेल्यांतही नाही. विक्रीला होते ते केवळ लोखंड नव्हे, तिचा इतिहास आणि लौकिकही, असे त्यांचे प्रतिपादन होते. निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला.

जुन्या गाड्यांच्या बाजारात हा निकाल आजही आधाराला घेतला जातो, कधीकधी जरा जास्तच उदारपणे. त्याने अखंड इतिहासाला मान दिला. कोणत्याही ऐकीव कथेला नव्हे. हा फरक बर्नाटो यांच्याच दुसऱ्या एका गाडीवरून स्पष्ट होतो. मार्च १९३० मध्ये त्यांनी शंभर पौंडांची पैज लावली होती : फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून सुटलेली ‘ब्ल्यू ट्रेन’ कॅले बंदराला पोहोचण्याआधी आपण मोटारीने लंडन गाठू. पैज त्यांनी जिंकली. गर्नी नटिंग यांनी बांधलेली उतरत्या टपाची देखणी ‘स्पीड सिक्स’ कूपे हीच ती गाडी, असे नंतर कित्येक वर्षे मानले गेले. टेरेन्स क्युनिओ यांच्या प्रसिद्ध चित्रातही आगगाडीशेजारून धावताना दिसते ती कूपेच. पुढे तारखा जुळवून पाहिल्यावर कळले की ती बर्नाटो यांच्या ताब्यात आली मे १९३० मध्ये, पैजेनंतर दोन महिन्यांनी! पैजेतील खरी गाडी होती एच. जे. म्युलिनर यांच्या बांधणीची, दिसायला साधीशी सलून. कूपेचे बहुतेक लोखंड मूळचे असूनही तो पराक्रम तिचा नव्हता. ‘ओल्ड नंबर वन’चा प्रश्न बरोबर उलटा होता.

म्हणूनच अशा गाड्यांची पारख करणारे सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकापाशी थांबत नाहीत. क्रमांक पुन्हा ठोकता येतो. कारखान्यातील दुरुस्तीच्या नोंदी, नोंदणीची कागदपत्रे, शर्यतीच्या वेळची छायाचित्रे आणि मालकांची साखळी हे सारे ताडून पाहिले जाते. साखळीतील एक कडी जरी सापडली नाही, तरी किंमत कोसळते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ ऐतिहासिक शर्यतींत भाग घेण्यासाठी गाडीला तांत्रिक पारपत्र देतो. परंतु ते फक्त गाडीची घडण त्या काळाला धरून आहे एवढेच सांगते. तिच्या पूर्वेतिहासाची हमी ते देत नाही. विक्रीच्या जाहिरातीत मात्र हे पारपत्र ठळकपणे झळकते.

ऑटन यांच्या निकालाला प्रतिस्पर्धी नसण्याचा मोठा आधार होता, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. शर्यतींच्या काळात काढून टाकलेला एखादा सांगाडा कोणाच्या गोदामात सापडला, दुसऱ्या कोणाकडे त्याच गाडीचे जुने इंजिन निघाले आणि त्यांतून एक गाडी उभी राहिली, तर? अखंड इतिहास एकीकडे आणि जिंकलेले लोखंड दुसरीकडे, असा पेच त्या न्यायालयापुढे आलाच नव्हता. इतर नामांकित शर्यती गाड्यांच्या बाबतीत एकाच क्रमांकावर दोन मालकांनी हक्क सांगण्याचे प्रसंग घडले आहेत. तेथे वकिलांना ‘ओल्ड नंबर वन’चा दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो.