गोधडीच्या कच्च्या जोडणीसाठी सेफ्टी पिनांची निवड

जुनी लुगडी, धोतरे व साड्या यांचे थर एकावर एक घालून ते धावदोऱ्याने शिवण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांस परिचित आहे. कोठे तिला गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवास स्थान देण्याची शिफारस केली. कार्यानुभवासाठी गावातच उपलब्ध असणारे, अल्प खर्चाचे आणि घरी उपयोगी पडणारे काम निवडावयाचे, तर गोधडीचा विचार अवश्य व्हावा. साहित्य विद्यार्थ्यांच्या घरचेच असते व शिकविण्यास गावातील जाणत्या स्त्रिया साहाय्य करू शकतात. विकत आणावयाची वस्तू म्हणजे सुई, दोरा आणि सेफ्टी पिना. यांपैकी पिनांकडे सहसा दुर्लक्ष होते. म्हणून त्यांचा येथे स्वतंत्र विचार केला आहे.

कच्ची जोडणी कशासाठी?

सुई कापडात शिरताना वरचा थर किंचित पुढे ढकलते. खालचा थर मात्र जागीच राहतो. एका टाक्यास हा फरक नजरेस येत नाही. परंतु शेकडो टाके पडल्यावर वरचे कापड कडेशी जास्त उरते, मध्ये चुण्या पडतात आणि गोधडीचा चौकोन तिरपा होतो. हे टाळण्यासाठी पक्की शिवण घालण्यापूर्वी सर्व थर जागच्या जागी बांधून ठेवावे लागतात. घरोघरी हे काम लांब लांब कच्च्या टाक्यांनी करतात व ती पद्धत उत्तमच आहे. शाळेची परिस्थिती निराळी असते. तेथे एका तासाचे काम घडी करून ठेवावयाचे व पुढील तासाला पुन्हा उलगडावयाचे असते. लहान हातांना मोठ्या कापडावर कच्चे टाके सारखे घालणे जमत नाही. अशा ठिकाणी सेफ्टी पिन सोयीची ठरते, कारण ती लवकर लागते, लवकर निघते व पुनःपुन्हा वापरता येते.

अमेरिकेतील वॉल्टर हंट यांनी १८४९ साली या पिनेचे पेटंट घेतले. एकाच तारेला मध्ये वेढा देऊन त्यांनी स्प्रिंग साधली आणि टोक सुरक्षित राहावे म्हणून दुसऱ्या बाजूस खोबण केली. आजच्या पिनेतही हीच दोन अंगे महत्त्वाची आहेत व निवड करताना दोन्ही तपासावी लागतात.

आकार व जाडी

बाजारात पिनांचा जुडगा मिळतो, त्यात लहानमोठ्या सर्व पिना एकत्र असतात. असा जुडगा गोधडीच्या कामास घेऊ नये. जुन्या सुती कापडाचे तीन-चार पातळ थर असतील, तर सुमारे २७ मिलिमीटर लांबीची पिन पुरते. थर जाड असतील किंवा आत कापूस भरला असेल, तर सुमारे ३८ मिलिमीटरची घ्यावी. याहून लहान पिन सर्व थरांतून जाऊन वर येत नाही. ती बळेच लावली, तर कापड आवळले जाते. फार मोठ्या पिनेची तार जाड असते. वापरून विरलेल्या लुगड्यास ती भोके पाडते, आणि अशी भोके धुण्याने बुजत नाहीत. योग्य पिनेची ओळख सोपी आहे : लावून मिटल्यावर ती कापडावर सपाट पडते व तिच्याभोवती चुणी दिसत नाही.

केवळ गोधडीच्या कामासाठी बनविलेल्या, मध्ये किंचित वाकविलेल्या पिनाही मिळतात. त्यांचे टोक थर न उचलता आपोआप वर येते, हा त्यांचा गुण. आठवड्याच्या बाजारात त्या सहसा नसतात, पण त्यांवाचून काही अडत नाही. साध्या पिनेचे टोक खालून वर येताना चमच्याच्या कडेने उचलून धरले, म्हणजे थर हलत नाहीत व बोटासही टोचत नाही.

पोलाद की पितळ?

लोखंडाला पाणी व हवा यांचा एकत्र संसर्ग झाला, की गंज चढतो. घामातील मीठ त्यास वेग देते. पोलादी पिनेवर निकेलचा मुलामा असतो. तो विरळ असेल वा खरवडला गेला असेल, तर दमट कापडात थोड्या दिवसांतच तांबूस डाग पडतात. लिंबू व मीठ लावून पांढऱ्या कापडावरचे असे डाग पुष्कळदा निघतात. परंतु रंगीत लुगड्यावर हा उपाय केल्यास डागाबरोबर रंगही जाण्याचा संभव असतो. पितळेला असा गंज चढत नाही. मात्र पितळ पोलादाहून मऊ असल्याने पितळी पिन लवकर वाकते व तिची स्प्रिंग सैल पडते.

येथवरच्या विचाराने पितळ सरस वाटेल. शाळेसाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शिवून झालेल्या गोधडीत एखादी पिन चुकून राहिली, तर ती शोधणार कशी? हात फिरवून शोधणे धोक्याचे आहे. पोलादी पिन लोहचुंबकाला चिकटते. पितळी पिन चिकटत नाही. शाळेच्या विज्ञान पेटीतील चुंबक गोधडीवरून सावकाश फिरविला, म्हणजे घड्यांत दडलेली पोलादी पिन सापडते. ज्या गोधडीवर तान्हे मूल निजणार, तिच्या बाबतीत हा लाभ मोठा आहे. म्हणून शाळेने पक्क्या मुलाम्याची पोलादी पिन पसंत करावी, कापड पूर्ण वाळलेले घ्यावे आणि पिना गोधडीत काही दिवसांहून अधिक ठेवू नयेत. पावसाळ्यात काम सुरू असेल किंवा ते बरेच लांबणार असेल, तर पिनांचा आग्रह सोडून कच्चे टाकेच घालावेत.

खरेदीनंतरच्या परीक्षा

पिना वापरण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून पुढील परीक्षा करवून घ्याव्यात.

१. टोकाची परीक्षा : पिन मलमलीच्या जुन्या तुकड्यातून आरपार न्यावी. धागा अडकला किंवा ओढला गेला, तर टोक बोथट अथवा खरबरीत आहे असे समजून पिन बाजूस काढावी.

२. स्प्रिंगची परीक्षा : खोबणीतून सोडविताच पिन चटकन उघडली पाहिजे, मिटून हलविल्यावर ती आपोआप उघडता कामा नये.

३. मुलाम्याची परीक्षा : दोन पांढऱ्या चिंध्या घ्याव्यात. एक मिठाच्या पाण्यात भिजवून पिळावी, दुसरी कोरडी ठेवावी. प्रत्येकीत त्याच पाकिटातील एकेक पिन गुंडाळून दोन दिवसांनी पाहावे. ओल्या चिंधीवर तांबूस डाग उमटला व कोरडी स्वच्छ राहिली, तर गंजाचा पाठ मुलांना प्रत्यक्ष पाहावयास मिळतो आणि ते पाकीट कामाचे नाही हेही कळते.

किती पिना लागतील?

पहिल्या प्रयोगासाठी बाळाची गोधडी घ्यावी. ती ९० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर लांब धरली आणि दर १५ सेंटिमीटरच्या चौकोनास एक पिन लावली, तर ६ गुणिले ८ म्हणजे ४८ पिना लागतात. केवळ कापडाचे थर असतील, तर हे अंतर पुरते. आत कापूस असल्यास १० सेंटिमीटर अंतर ठेवावे. तेव्हा ९ गुणिले १२ म्हणजे १०८ पिना लागतील. अंतर निम्मे केले, तर पिना दुप्पट लागतील की चौपट, हा प्रश्न मुलांना येथेच विचारावा. १५ ऐवजी साडेसात सेंटिमीटर घेतले, की १२ गुणिले १६ म्हणजे १९२ पिना होतात. क्षेत्रफळाचा नियम फळ्यावरील आकृतीपेक्षा गोधडीवर अधिक स्पष्ट होतो.

पिना लावताना मध्यापासून आरंभ करून कडेकडे जावे, म्हणजे चुण्या बाहेर सरकतात. ज्या रेघेवरून धावदोरा जाणार, त्या रेघेवर पिन लावू नये. शिवण जवळ आली, की ती पिन काढून तत्काळ मिटावी व डबीत टाकावी.

मोजणी व सुरक्षितता

हे काम वरच्या प्राथमिक वर्गांतील विद्यार्थ्यांकडेच द्यावे व त्या वेळी लहान वर्गांतील मुलांना जवळ बसवू नये. पिन तोंडात धरण्याची सवय अनेकांस असते. ती पहिल्याच दिवशी बंद करावी. उघडी पिन गिळली जाणे जिवावर बेतू शकते. तसे घडल्याची शंका जरी आली, तरी घरगुती उपाय न करता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. पिन टोचल्यास जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. धनुर्वात गंजामुळे होतो असा समज आहे. वस्तुतः त्याचे जंतू मातीत असतात. म्हणून मळलेली पिन गंजलेली नसली, तरी ती निर्धोक मानू नये. सार्वत्रिक लसीकरणात १० व १६ वर्षे वयाला दिली जाणारी टीडीची लस विद्यार्थ्यांनी घेतली आहे ना, याची चौकशी आरोग्य केंद्रात करावी.

तासाच्या आरंभी डबीतील पिना मोजून संख्या फळ्यावर लिहावी. तास संपताना डबीतील व गोधडीत लावलेल्या पिना मिळून तीच संख्या भरली पाहिजे. एक जरी कमी भरली, तर चुंबक फिरवून, जमीन झाडून ती सापडेपर्यंत गोधडीची घडी घालू नये. ती हरवलीच असेल, असे म्हणून मोजणी पुरी करू नये. शिवण पूर्ण झाल्यावर मात्र सर्वच्या सर्व पिना डबीत आल्या पाहिजेत. मागे ना डाग, ना भोक, ना एखादी पिन राहिली, एवढी खात्री झाल्यावरच गोधडी घरी जाऊ द्यावी.