सतरा कोटींत एक

शिक्षकांच्या शिबिरात जनुकशास्त्रावर बोलून झाले, की एक प्रश्न हमखास येतो. "डीएनए जुळला म्हणजे गुन्हा सिद्धच झाला ना?" विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा थोडा रागही असतो, कारण वर्तमानपत्रांत गाजत असलेला एखादा खटला त्याच्या मनात असतो. या प्रश्नाला नुसते 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. डीएनए जुळण्यातून नेमके काय कळते आणि काय कळत नाही हे पाहायला अमेरिकेतला एक जुना खटला फार उपयोगी आहे. त्यात रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, गणित आहे आणि पोलिसांवर लोकांचा विश्वास किती, हाही प्रश्न आहे.

१२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजलिस शहरात निकोल ब्राऊन सिम्पसन आणि त्यांचे परिचित रॉन गोल्डमन यांचा निकोल यांच्या घराच्या आवारात चाकूने खून झाला. आरोप ठेवला गेला तो निकोल यांचे घटस्फोटित पती ओ. जे. सिम्पसन यांच्यावर. ते अमेरिकन फुटबॉलचे नामांकित खेळाडू, शिवाय चित्रपट आणि जाहिरातींमुळे घरोघरी ओळखीचे. जानेवारी १९९५ मध्ये दोन्ही पक्षांची मांडणी सुरू झाली. सगळे कामकाज टेलिव्हिजनवर थेट दिसत होते. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी १२ सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने 'दोषी नाही' असा निर्णय दिला. त्यासाठी त्यांना चार तासही लागले नाहीत.

सरकारी पक्षाचा मुख्य आधार रक्त हा होता. खुनाच्या जागी रक्ताळलेल्या बुटांचे ठसे होते आणि त्या ठशांच्या डाव्या बाजूला रक्ताचे काही सुटे थेंब पडले होते. सिम्पसन यांच्या डाव्या हाताच्या बोटाला जखम होती. त्यांच्या मोटारीत, घरी सापडलेल्या हातमोज्यावर आणि शयनगृहातल्या पायमोज्यांवरही रक्त मिळाले. यांतल्या एका थेंबाबद्दल प्रयोगशाळेने सांगितले की, असा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता १७ कोटींत एक आहे.

हा आकडा येतो कसा? आपल्या डीएनएत काही जागा अशा असतात, की तिथे एकच छोटा मजकूर ओळीने पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. तो किती वेळा आला आहे हे माणसागणिक बदलते. विकरांच्या साहाय्याने डीएनए कापला, की या जागांचे तुकडे कमीजास्त लांबीचे मिळतात. विद्युतक्षेत्रात, जेलीसारख्या पदार्थातून ते सरकू दिले, की आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात आणि पट्ट्यांचा एक नकाशा तयार होतो. समजा, एका जागेचा विशिष्ट नकाशा २० माणसांत एकाचा असतो आणि दुसऱ्या जागेचा ३० त एकाचा. दोन्ही जागांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर दोन्ही जुळण्याची शक्यता ६०० त एक. अशा पाच-सहा जागा घेतल्या, की गुणाकार पाहता पाहता कोटींत जातो. 'संबंध नसेल तर' या अटीवर शास्त्रज्ञांमध्ये १९९० च्या सुमारास मोठे वाद झाले, पण खटला उभा राहीपर्यंत ते बरेचसे मिटले होते. न्यायालयातला झगडा वेगळ्याच गोष्टीवर झाला.

सतरा कोटींत एक, हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे ते नीट पाहू. प्रश्न असा आहे: "हे रक्त सिम्पसन यांचे किंवा त्यांच्या नातेवाइकाचे नसून कोणा भलत्याच माणसाचे असेल, तर ते योगायोगाने जुळण्याची शक्यता किती?" "सिम्पसन निर्दोष असण्याची शक्यता किती?" हा प्रश्नच निराळा. त्याला पहिल्याचे उत्तर चिकटवणे ही चूक वकील करतात, वार्ताहर करतात आणि खरे सांगायचे तर शास्त्रज्ञही करतात. रक्त कोणाचे ते कळल्यावरही ते तिथे केव्हा आणि कसे आले हे उरतेच. शिवाय नमुना उचलण्यात, ठेवण्यात, तपासण्यात चूक झाली असेल किंवा कोणी मुद्दाम काही केले असेल, तर? समजा, असे हजारात एकदा घडते. मग नमुना चुकून जुळण्याची एकूण शक्यता हजारात एक अधिक सतरा कोटींत एक, म्हणजे जवळजवळ हजारात एकच. त्या सतरा कोटींचे शंभर कोटी केले, तरी बेरजेत फरक पडत नाही.

बचाव पक्षाने नेमके इथेच बोट ठेवले. गोळा केलेले रक्ताचे नमुने ओलेच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले गेले आणि जूनच्या उन्हात गाडीत तासन्‌तास राहिले. बरेच नमुने एका प्रशिक्षणार्थीने उचलले होते. तुलनेसाठी सिम्पसन यांचे जे रक्त काढले, ती कुपी एका पोलीस अधिकाऱ्याने लगेच जमा न करता खिशात घालून सिम्पसन यांच्या घरी, म्हणजे जिथे पुरावा गोळा करणे चालू होते तिथेच, नेली. रक्त काढणाऱ्या परिचारकाने आधी अंदाजे ८ मिलीलिटर काढल्याचे सांगितले होते. हिशेब लागला साडेसहाचा. उरलेले दीड मिलीलिटर गेले कुठे? प्रयोगशाळेत हीच कुपी उघडताना थोडे रक्त तंत्रज्ञाच्या हातमोज्याला लागले आणि त्यानंतर त्याच बैठकीत त्याने घटनास्थळाचे नमुने हाताळले.

एवढेसे रक्त लागले तर काय बिघडते? तपासणीची दुसरी पद्धत पीसीआरची. तीत डीएनएच्या हव्या त्या भागाच्या प्रती काढतात आणि प्रत्येक फेरीत त्या दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एका रेणूचे १०० कोटींहून अधिक होतात. पद्धतीची जी ताकद, तीच तिची कमजोरी. मुलांना हे हळदीने छान दाखवता येते. एकाच्या तळहाताला हळद चोळून नीट झटकायला सांगा. त्याने दुसऱ्याशी, दुसऱ्याने तिसऱ्याशी हस्तांदोलन करायचे आणि तिसऱ्याने कोरे पाकीट हातात घ्यायचे. पाकिटावर डोळ्यांना काही दिसत नाही. साबणाचे दाट पाणी शिंपडले, की पुष्कळदा लालसर डाग उमटतात. ज्याने पाकिटाला हातच लावला नाही, त्याची हळद तिथे पोचलेली असते.

मात्र इथे बचाव पक्षाचा युक्तिवादही तपासायला हवा, आणि मला वाटते, त्या वेळच्या वर्तमानपत्री चर्चेत हे राहून गेले. उष्णतेने आणि ओलाव्याने डीएनए तुटतो. तुटलेल्या डीएनएचे उत्तर येत नाही किंवा अर्धवट येते. एका माणसाचा डीएनए सडून दुसऱ्याचा होत नाही. तेव्हा ते थेंब खऱ्या खुन्याचे होते असे म्हणायचे, तर प्रत्येक थेंबातला त्याचा डीएनए पूर्ण नष्ट व्हायला हवा आणि त्यानंतर प्रत्येकात सिम्पसन यांचा मिसळायला हवा. शेजारच्या रक्त नसलेल्या जागेचे जे नियंत्रण-नमुने त्यांच्याबरोबरच हाताळले गेले, ते मात्र कोरेच राहिले. अपघाताने असे घडणे अवघड आहे.

राहिली मुद्दाम रक्त लावण्याची शंका. पायमोजे १३ जूनला जप्त झाले, त्या महिन्यातल्या पाहणीत त्यांवर रक्त दिसले नाही, ते दिसले ४ ऑगस्टला. मागच्या फाटकावरचे रक्त ३ जुलैला उचलले गेले आणि त्यातला डीएनए आधी उचललेल्या थेंबांपेक्षा चांगला निघाला. बचाव पक्षाला यात कुपीतले रक्त दिसले. सरकारी पक्ष म्हणाला, फाटकावर ते हवेत वाळले, बाकीचे पिशवीत उकडले! निर्णय कसा करायचा? कुपीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते. गोठण्याच्या क्रियेला कॅल्शियम लागते आणि ईडीटीए ते बांधून टाकते. डागात ईडीटीए मिळाले, तर रक्त कुपीतले. तपासणीत अल्प प्रमाणात तसे काही दिसले. बचाव पक्षाचे विषतज्ज्ञ म्हणाले, हे ईडीटीए. एफबीआयचे तज्ज्ञ म्हणाले, कुपीतल्या रक्तात ते कितीतरी जास्त असते, आणि माझ्या स्वतःच्या ताज्या रक्तातही यंत्राने असाच संकेत दिला. ईडीटीए साबणांत आणि डबाबंद खाद्यपदार्थांतही असते. 'आहे की नाही' याला अर्थ नव्हता, 'किती आहे' याला होता. पण वाळलेल्या डागात किती असले म्हणजे संशय घ्यावा, याचे प्रमाणित मोजमापच तेव्हा कोणाकडे नव्हते.

अशा वेळी निर्णय विज्ञानाच्या हातून सुटतो आणि माणसांवरच्या विश्वासावर येतो. हातमोजा ज्या अधिकाऱ्याला सापडला, त्या मार्क फरमन यांनी कृष्णवर्णीयांसाठीचा एक घाणेरडा शब्द गेल्या दहा वर्षांत वापरला नसल्याचे शपथेवर सांगितले होते. मग त्यांच्या जुन्या ध्वनिफिती निघाल्या आणि तो शब्द त्यांत वारंवार होता. १९९६ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपाला त्यांनी आव्हान दिले नाही. याच शहरात १९९१ साली रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण चित्रित झाली होती. १९९२ मध्ये त्या पोलिसांची सुटका झाली तेव्हा शहर पेटले होते. कुपी खिशात घालून नेणे हा एरवी निष्काळजीपणा ठरला असता. त्या शहरात तो कट वाटू शकत होता. निकालानंतर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांची मते उभी दुभंगलेली दिसली. दोन्हीकडे समजूतदार माणसे होती. त्यांचे मतभेद डीएनएबद्दल नव्हतेच, कुपी नेणाऱ्या हाताबद्दल होते.

आकड्यांची फसगत बचाव पक्षानेही केली. सिम्पसन पत्नीला मारहाण करीत, हे रेकॉर्डवर होते. बचाव पक्षाचे एक सल्लागार, कायद्याचे प्राध्यापक ॲलन डर्शोविट्झ यांचे म्हणणे असे, की मारहाण सोसणाऱ्या अडीच हजार स्त्रियांपैकी जेमतेम एकीचा त्या पुरुषाकडून खून होतो, म्हणून मारहाणीला महत्त्व नको. दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंग यांच्याबरोबर काम केलेले संख्याशास्त्रज्ञ आय. जे. गुड यांनी 'नेचर'मध्ये याला उत्तर दिले. फळ्यावर ते असे मांडता येईल. मारहाण सोसणाऱ्या १ लाख स्त्रिया घ्या. वरच्या हिशेबाने वर्षात ४० जणींचा खून जोडीदाराकडून होईल. इतर कोणाकडून खून होण्याचे प्रमाण २० हजारांत एक धरले, तर आणखी ५ जणींचा. निकोल त्या १ लाखांतल्या कोणीही एक नव्हत्या, खून झालेल्या ४५ जणींतल्या होत्या आणि त्या ४५ पैकी ४० जणींचा मारेकरी जोडीदार आहे. आकडा तोच, प्रश्न बदलला, की उत्तर उलटे. अर्थात यावरूनही कोणाला शिक्षा करता येत नाही. पण 'महत्त्व नको' हे म्हणणे मात्र टिकत नाही.

फेब्रुवारी १९९७ मध्ये दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्यूरीने सिम्पसन यांनाच जबाबदार धरले. तिथे पुराव्याची कसोटी सौम्य असते, 'निःसंशय' ऐवजी 'अधिक संभवनीय' एवढे पुरते. सिम्पसन यांचे एप्रिल २०२४ मध्ये निधन झाले.

डीएनएच्या पुराव्याची उलटतपासणी करणारे वकील बॅरी शेक आणि त्यांचे सहकारी पीटर न्यूफेल्ड यांनी खटल्याच्या आधीच, १९९२ मध्ये, न्यूयॉर्कला 'इनोसन्स प्रोजेक्ट' सुरू केला होता. तिथे त्यांचे काम होते डीएनएच्याच आधारे निरपराध कैद्यांना सोडवण्याचे. तेव्हापासून अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे साडेतीनशेहून अधिक लोकांची शिक्षा चुकीची ठरली. त्यांतल्या काहींना तर फाशीची शिक्षा झालेली होती. ही माणसे सुटू शकली, कारण कुठल्याशा कोठारात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा बोळा, एखादा कपडा कोणा कारकुनाने वाळवून, कागदी पाकिटात घालून, तारीख आणि सही टाकून ठेवला होता.