फवारणीचं विष अंगात शिरतं कुठून?

एक साधा प्रश्न. तळहात, मनगटाच्या वरचा हात, कपाळ, काख, जांघ. यांतल्या कुठल्या जागेची कातडी विष सगळ्यात जास्त आत ओढते? बहुतेक जण तळहात म्हणतील. औषध कालवताना बरबटतो तो हातच ना!

१९७१ साली कॅलिफोर्नियातल्या मायबाक, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलेलंच आहे. पॅराथिऑन या कीटकनाशकाची अगदी बारीक मात्रा त्यांनी माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी लावली आणि त्यातलं किती आत गेलं ते तपासलं. मनगटाच्या वरच्या हातावरून जेमतेम ९ टक्के. तळहातावरून १२ च्या आसपास. कपाळावरून ३६, काखेतून ६४. आणि जांघेत, वृषणाच्या कातडीतून? जवळजवळ सगळंच्या सगळं! अंग एकच, त्यावरची कातडीही एकच, पण जागा बदलली की दहापट फरक.

आता हा आकडा घेऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या कपाशीच्या वावरात चला. मजुराच्या पाठीवर १६ लिटरचा पंप आहे. झाकणाचा वायसर झिजलेला. चालताना पंप हिंदकळतो आणि दरवेळी थोडं पाणी बाहेर येतं. ते कुठे जातं? पाठीच्या कण्यावरून कमरेकडे, तिथून खाली. पॅन्ट ओली होते आणि संध्याकाळपर्यंत ओलीच राहते. तोंडाला मात्र दुपट्टा घट्ट बांधलेला असतो. नाक राखलं, पण विषाला सगळ्यात मोठा दरवाजा जिथे आहे तिथेच चिंब कापड चिकटून बसलं. त्यात घाम. तापलेली, घामेजलेली कातडी विष आणखी भराभर पिते.

२०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तेव्हा बोट अनेक गोष्टींकडे गेलं: दोन-तीन औषधांची मिश्रणं, त्या वर्षी पुरुषभर वाढलेली पऱ्हाटी, बारीक तुषार सोडणारे बॅटरीचे पंप, अंगावर नसलेले संरक्षक कपडे.

तुषार बारीक असण्यात एवढं काय, असं वाटेल. गंमत बघा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब डोक्याच्या उंचीवरून सहा-सात सेकंदांत जमिनीवर येतो. तोच थेंब दहापट बारीक केला तर एकाचे हजार होतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला खाली यायला लागतात तब्बल दहा मिनिटं! तेही हवा अगदी स्तब्ध असली तर. ताशी तीन-चार किलोमीटरची झुळूक असली आणि थेंब वाटेत सुकला नाही, तर तो अर्धा किलोमीटर पलीकडच्या धुऱ्यावर जाईल. म्हणजे मजूर ओळीतून पुढे सरकतो तो स्वतःच सोडलेल्या ढगातून. पीक गुडघ्याएवढं असेल तर नोझल खाली राहतं. पीक डोक्याएवढं झालं की ते तोंडासमोर येतं.

आत गेल्यावर हे विष करतं काय? फवारणीतली सगळी औषधं एका जातीची नसतात, पण ज्यांची सर्वाधिक धास्ती, ती ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. आपली नस स्नायूला हुकूम देते तेव्हा ॲसिटिलकोलीन नावाचा पदार्थ सुटतो. हुकूम पोचला की तो लगेच मोडावा लागतो. मोडणारं विकर एवढं चपळ, की त्याचा एकेक रेणू सेकंदाला सुमारे २५,००० रेणू मोडतो. हे वाक्य वाचेपर्यंत लाखभर! शरीरातल्या सर्वांत वेगवान यंत्रांपैकी हे एक, आणि विष नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं होतं: एकदा दाबलं गेलं, आता थांबायचं नाव नाही. लाळ गळते, डोळे वाहतात, घामाच्या धारा लागतात, छातीत पाणी साचतं, बाहुल्या बारीक ठिपका होतात. किड्याचंही असंच होतं. आपल्या आणि बोंडअळीच्या नसा इतक्या सख्ख्या असतील, हे कुणाला खरं वाटेल?

पॅराथिऑन शोधणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेऱ्हार्ड श्राडर यालाही हा अनुभव चुकला नाही. १९३६ च्या अखेरीस कीटकनाशक शोधताना त्याच्या हाती आधी टाबून हा भयंकर विषारी पदार्थ लागला. प्रयोगशाळेत त्याचा थेंबभर सांडला आणि श्राडरच्याच बाहुल्या आकसल्या, श्वास अडखळला.

उतारा तर त्याहून अजब. एक ॲट्रोपिन. आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातही हे असतं (म्हणून धोतरा खायला जाऊ नका, तो स्वतःच विष आहे). ते सुटलेल्या हुकमाला ग्रंथींपाशी अडवतं. दुसरं प्रालिडॉक्सिम. ते विकराला चिकटलेलं विष ओढून काढतं, पण वेळेत दिलं तरच. काही औषधांची ही पकड तासा-दोन तासांत नाही, तरी चार-सहा तासांत कायमची होऊ लागते. वावरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्याच हिशेबात मोजायचा.

मग सगळ्यांना नखशिखांत प्लास्टिकचे कपडे चढवा, असं म्हणणं सोपं आहे. पण एक लिटर घाम सुकताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. तेवढ्या उष्णतेने बर्फासारखं थंड पाणी साडेपाच लिटर उकळेल! ऑक्टोबरच्या उन्हात हा घाम प्लास्टिकखाली कोंडला तर माणूस उष्माघाताने पडेल. मला विचाराल तर आधी वायसर बदला. मग पाठ-कंबर झाकणारं प्लास्टिक, वाऱ्याकडे पाठ, ओली पॅन्ट लगेच उतरवणं आणि साबण. मास्कचा नंबर त्यानंतर.

आणि एक चाचणी. निसर्गाने तेच विकर तांबड्या रक्तपेशींवरही ठेवलंय, त्यामुळे नसांना हात न लावता रक्तातून त्यांचा हालहवाल कळतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि गमावलेलं विकर नव्याने बनवू शकत नाही, म्हणून जुलैतला मार सप्टेंबरच्या रक्तातही काही अंशी सापडतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणीवाल्यांची ही तपासणी मालकावर बंधनकारक आहे. विकर मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेलं की कामाची पद्धत तपासायची. रक्तपेशींतलं ७० टक्क्यांवर आलं की माणसाला त्या कामावरून हटवायचं, आणि पुन्हा ८० झाल्याशिवाय घ्यायचं नाही. मूळ पातळी मात्र ज्याची त्याची वेगळी, म्हणून पहिलं रक्त हंगामाआधी, औषधाचा वासही नसताना घ्यावं लागतं. यवतमाळात म्हणजे जूनमध्ये, पेरणीच्या सुमारास. आज या वावरात, उद्या दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या मजुराचा मालक कोण धरायचा, हे ठरत नाही तोवर ही सुई गावातल्या आरोग्य उपकेंद्रानेच हातात घ्यायला काय हरकत आहे?