दर्यावर इंटरनेट

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून एका सकाळी आम्ही मच्छीमार नौकेने निघालो. माझ्याजवळ लॅपटॉप होता. शाळेचे काही कागद त्या दिवशी दुपारपर्यंत पाठवायचेच होते. खिशात मोबाइल होता, तेव्हा मला काळजी वाटत नव्हती. पण किल्ल्याच्या कड्याआड नौका गेली आणि लॅपटॉपवर जोडणी तुटल्याची खूण दिसू लागली. मी केबिनमध्ये बसून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतो. नाखवा सुकाणूजवळ उभा राहून माझी गंमत पाहत होता.

"मास्तर, फोन खिशात ठेवून काय होणार?" तो म्हणाला. "त्याला वर बांधा. त्याला जमीन दिसली पाहिजे."

त्याने पारदर्शक प्लॅस्टिकची एक पिशवी आणली. फोन तिच्यात घालून तोंड घट्ट बांधले आणि ती पिशवी केबिनच्या वरच्या खिडकीला किनाऱ्याच्या बाजूने अडकवली. नौका कड्यापासून थोडी दूर जाताच लॅपटॉप पुन्हा जोडला गेला आणि माझे कागद गेले.

'नाखवा' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला का? उर्दूत नौकेच्या प्रमुखाला 'नाखुदा' म्हणतात. मूळ शब्द फारसी आहे. तो समुद्रमार्गे कोकणात आला आणि 'नाखवा' झाला. 'बंदर' हा शब्दही तसाच. 'दर्या' या शब्दाची मात्र मजा आहे. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी, तर कोकणात 'दर्या' म्हणजे समुद्र!

आता नाखवाने नेमके काय केले ते पाहू.

लॅपटॉप मोबाइलमधून इंटरनेटला जोडतो, तेव्हा खरे म्हणजे दोन जोडण्या असतात. पहिली लॅपटॉप आणि फोन यांच्यामधली. ही काही मीटरची असते. फोनमधील 'हॉटस्पॉट' सुरू केला, की फोन स्वतःभोवती एक लहानसे वाय-फाय क्षेत्र तयार करतो. लॅपटॉपवर त्याचे नाव दिसते. संकेतशब्द दिला, की जोडणी होते. हेच काम यूएसबी तारेनेही करता येते. तारेची जोडणी अधिक पक्की असते आणि फोन चार्जही होत राहतो. दुसरी जोडणी फोन आणि किनाऱ्यावरचा टॉवर यांच्यामधली. ही कित्येक किलोमीटरची असते. अडचण बहुतेक वेळा या दुसऱ्या जोडणीत येते, आणि आपण मात्र लॅपटॉपशी झटापट करत बसतो.

म्हणून नौकेवर फोन उंच, मोकळ्या जागी ठेवावा आणि लॅपटॉप खाली, कोरड्या जागी. तार तेवढी लांब नसेल तर वाय-फाय बरे. लाकूड, फायबर आणि प्लॅस्टिक यांतून रेडिओलहरी सहज पार होतात. लोखंड त्यांना अडवते. त्यामुळे पोलादी नौकेच्या बंद खोलीत फोन मुका होतो आणि खिडकीशी नेला की बोलू लागतो.

पण फोन उंच ठेवल्याने काय फरक पडतो? याचे उत्तर पृथ्वीच्या आकारात आहे.

मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या गलबताचा तळ आधी दिसेनासा होतो आणि शीड शेवटी, हे तुम्ही भूगोलात वाचले आहे. टॉवरचेही तसेच होते. समुद्रसपाटीपासून २ मीटर उंचीवर डोळा असेल, तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असते. ३६ मीटर उंचीच्या टॉवरच्या टोकावरून ते सुमारे २१ किलोमीटरवर असते. दोन्हींची बेरीज २६ किलोमीटर. रेडिओलहरी हवेत किंचित खाली वाकतात, म्हणून त्यांची मर्यादा थोडी वाढून सुमारे ३० किलोमीटर होते. त्यापलीकडे टॉवर आणि फोन यांच्यामध्ये पाण्याचाच फुगवटा येतो. टॉवर टेकडीवर असेल आणि त्याचे टोक समुद्रापासून १०० मीटर उंच असेल, तर हीच मर्यादा ४७ किलोमीटरच्या आसपास जाते. उंची चौपट केली की अंतर दुप्पट होते. कोकणात सडे आणि डोंगर किनाऱ्यालगत आहेत, तेव्हा तेथील मच्छीमारांना याचा फायदा मिळतो. मात्र तोच डोंगर मध्ये आला तर लहरी अडतात. कड्याआड गेल्यावर माझे तेच झाले होते.

हा झाला भूमितीचा हिशेब. प्रत्यक्षात जोडणी बरीच आधी तुटते. टॉवरवरच्या अँटेना वस्तीकडे तोंड करून आणि थोड्या खाली झुकवून बसवलेल्या असतात. समुद्राकडे त्यांची पाठही असू शकते. शिवाय टॉवरचा आवाज मोठा आणि फोनचा बारीक. फोर-जी फोन जास्तीत जास्त सुमारे पाव वॅटहूनही कमी शक्तीने लहरी सोडतो. त्यामुळे कधी कधी फोनवर रेघा दिसतात, पण निरोप जात नाही. टॉवरचे आपल्याला ऐकू येते, आपले त्याला ऐकू जात नाही.

जुन्या टू-जी पद्धतीत आणखी एक गमतीची मर्यादा आहे. त्यात एका टॉवरवरील फोनांना आळीपाळीने बोलावे लागते. वर्गातल्या हजेरीसारखेच हे आहे. समजा, एक मुलगा वर्गापासून फार दूर उभा आहे. त्याचे 'हजर' वर्गात पोचेपर्यंत गुरुजींनी पुढचा क्रमांक घेतला, तर दोन आवाज एकमेकांत मिसळतील. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. तरीही ३५ किलोमीटर जाऊन परत येण्यास काही काळ लागतोच. तो सेकंदाच्या चार हजाराव्या भागाहूनही कमी असतो. टू-जीची सामान्य व्यवस्था एवढाच उशीर सांभाळून घेते. म्हणून टॉवर स्पष्ट दिसत असला, तरी ३५ किलोमीटरच्या पलीकडे तो फोन स्वीकारत नाही. फोर-जीमध्ये ही मर्यादा बरीच सैल आहे.

विजेचाही विचार करावा लागतो. टॉवर दूर असला की फोन पूर्ण जोर लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. जोडणी मिळतच नसेल, तर फोन 'फ्लाइट मोड'वर ठेवणे शहाणपणाचे. नाहीतर तो दिवसभर टॉवर शोधत राहतो आणि संध्याकाळी किनारा जवळ येतो तेव्हा संपलेला असतो. लॅपटॉपलाही एक सवय असते. इंटरनेट मिळाले, की तो न सांगता आपल्या प्रणालीच्या सुधारणा उतरवू लागतो. एका मोठ्या सुधारणेत फोनचा दिवसाचा सगळा डेटा संपू शकतो. म्हणून लॅपटॉपला ही जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायची आहे, असे आधीच सांगून ठेवावे. प्रवासी जहाजावर तर आणखी सावध राहावे. काही जहाजांवर उपग्रहाशी जोडलेले स्वतःचे मोबाइल जाळे असते. फोन नकळत त्याला जोडला जातो आणि बिल पाहून डोळे पांढरे होतात.

हे सगळे मी माझ्या कागदांच्या निमित्ताने लिहिले. पण मच्छीमाराला समुद्रावर निरोप मिळणे किंवा न मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. २०१७ साली नोव्हेंबरच्या अखेरीस 'ओखी' नावाचे चक्रीवादळ उठले. केरळ आणि तमिळनाडूतील कितीतरी नौका त्याआधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारे दिले गेले, पण एवढ्या लांब मोबाइल पोचत नव्हता. दोनशेहून अधिक जण प्राणांस मुकले किंवा बेपत्ता झाले. काही नौका मात्र वादळातून वाट काढत उत्तरेकडे सरकल्या. त्यांतील ६८ नौका ९५२ माणसांसह आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. घरी कोणालाही त्यांचा पत्ता नव्हता.

यानंतर, २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचे एक लहान यंत्र मच्छीमारांसाठी आणण्यात आले. त्याच्यामागे हैदराबादची 'इन्कॉइस' ही समुद्रविषयक माहिती देणारी संस्था होती. हे यंत्र थेट उपग्रहाकडून वादळाचे, लाटांचे आणि मासळीच्या ठिकाणांचे निरोप घेते आणि ब्लूटूथने मोबाइलला देते. येथेही दोन जोडण्या आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. फरक एवढाच, की लांबची जोडणी टॉवरऐवजी उपग्रहाशी आहे. उपग्रह डोक्यावर असल्याने पृथ्वीचा फुगवटा आड येत नाही. पण जेमिनीत एक उणीव आहे. निरोप फक्त येतो. 'आम्ही संकटात आहोत' असे नौकेवरून उलट कळवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे एका नव्या योजनेचा आरंभ झाला. तिच्यात किनारी राज्यांतील एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉंडर बसवायचे आहेत. त्यांतून दोन्ही बाजूंनी निरोप जाऊ शकतात.

परतताना मी आमच्या नाखवाला विचारले, "फोन बंद पडला तर तुम्ही काय करता?" त्याने केबिनमधला व्हीएचएफ रेडिओ दाखवला. संकटाच्या हाकेसाठी त्यावर १६ क्रमांकाची वाहिनी असते. आसपासच्या सगळ्या नौका आणि जहाजे ती ऐकतात, त्यामुळे टॉवर नसला तरी चालते. रेडिओच्या शेजारी एक कागद चिकटवला होता. त्यावर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. शाई खाऱ्या हवेने पुसट झाली होती. घरी गेल्यावर पोराकडून तो पुन्हा लिहून घेतो, असे तो म्हणाला.