रंग उडाला, पुढे काय?

पुण्याच्या स्वारगेटहून सुटणारी इचलकरंजीची एसटी ज्या गावात पोचते, तिथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. मागांमागून सुताला खळ देणारं सायझिंग आलं, प्रोसेस हाऊस आली, रंगाचं पाणीही आलं. पंचगंगा उशाशी असून शहराला पिण्यासाठी कृष्णेकडे जावं लागलं. सगळं खापर रंगावर फोडणं अन्यायाचं होईल; वरच्या गावांचं सांडपाणी आणि साखर कारखानेही नदीत उतरतात. पण रंगाचं दुखणं वेगळं आहे.

सुतावर चढवायचा रिॲक्टिव्ह रंग सगळाच्या सगळा धाग्याला धरत नाही. काही भाग पाण्याशीच संयोग पावून वाया जातो आणि मिठासकट गटारात येतो. ऊन आणि साबण सोसण्यासाठीच घडवलेला रेणू जिवाणूंना सहजी पचत नाही. तुरटीनं तो खाली बसवता येतो, पण मग गाळ कुठं टाकायचा?

प्रकाश पडला की रेणू तोडणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकाचं आकर्षण इथं आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातली पावडर. ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला की तिच्यातला इलेक्ट्रॉन उसळतो, मागे पोकळी राहते. ती पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते आणि तो दिसेल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतो. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं आणि या विषयाला वेग आला. अडचण एवढीच की उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून दृश्य प्रकाशावर चालणारे बिस्मथ व्हॅनाडेट, कार्बन नायट्राइड यांचा शोध सुरू झाला. पुण्यात पाषाणच्या सी-मेट या संशोधन संस्थेनं हायड्रोजन सल्फाइडपासून हायड्रोजन मिळवायला असेच अर्धवाहक वापरून पाहिले आहेत.

रंगाबाबतच्या शोधनिबंधांचा मात्र पूर आहे, आणि त्यांच्या बऱ्याच लेखकांना मिथिलीन ब्लू हा रंग फार प्रिय. चोख पाण्यात चिमूटभर निळा, वर दिवा, तासाभरात काच स्वच्छ! पण मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि आपला इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देऊन फिका पडतो. श्रेय जातं पावडरीला. शिवाय निळेपणा गेला म्हणून रेणू संपला असं नाही. ॲझो रंगाचं बंधन तुटल्यावर रंगहीन, कधी विषारी ॲमाइन उरतात. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, हा आकडा नसेल तर असा निबंध मी बाजूला ठेवतो.

प्रोसेस हाऊसचं पाणी तर गडद, खारट, सोड्याचं. गडदपणामुळे प्रकाश आत शिरत नाही, कार्बोनेट मूलकांना आधीच गिळतं, आणि बारीक पावडर पाण्यातून परत काढणं हे वेगळंच काम. म्हणून हे तंत्र जैविक प्रक्रियेनंतर, उरलेला फिका रंग घालवायलाच शोभेल. स्पेनमध्ये अल्मेरियाजवळ आरशांनी ऊन गोळा करून अशी प्रक्रिया चालवून पाहिली आहे. तो प्रदेश जवळजवळ वाळवंटी. आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ भरलेलं, आणि रंगखाती रात्रपाळीतही चालतात. तेव्हा अतिनील दिवे लावावे लागतील, आणि त्यांचं वीजबिल कारखानदारच भरणार.