वाघीण हलते कशासाठी?

फळीवर मांडलेल्या मॉडेल रेल्वेच्या छोट्या शंटिंग यार्डाचा पसारा थोडाच असतो: दोन-तीन सायडिंग, मोजके सांधे, एक इंजिन. गाडी गोल फिरवायला जागा नाही. मग करायचे काय? इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या मांडणीत याचे एक उत्तर आहे. एका रुळावर पाच वाघिणी (मालडबे) मावतात, दुसऱ्या दोहोंवर तीन-तीन, आणि सांध्याबाहेरच्या तुकड्यावर इंजिन आणि आणखी तीन वाघिणी. आठ वाघिणींतल्या पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. असे क्रम होतात ६,७२०, म्हणजे आयुष्यभराची सोय! पण हे शेवटी कोडेच. खऱ्या यार्डात कुणाला तरी माल हवा असतो किंवा पाठवायचा असतो, म्हणून वाघीण हलते.

अमेरिकेत डग स्मिथ यांनी १९६१ मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकात मांडलेली पद्धत नेमके हेच कारण पुरवते. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड करायचे. त्यावर तिचा प्रकार, कंपनी आणि क्रमांक लिहायचा. कार्डाला खिसा, खिशात बिल्टी. पुढे ही बिल्टी चार टप्प्यांची झाली: कागदाच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, एकेक मजकूर. समजा, बंद वाघीण आहे. पहिला टप्पा: रिकामी, पिठाच्या गिरणीत न्या. दुसरा: पीठ भरले, बाहेरगावी पाठवा. तिसरा: बाहेरून कागदाची रिळे आली, छापखान्यात लावा. चौथा: रिकामी, यार्डात परत. ‘बाहेरगाव’ म्हणजे पडद्यामागचा एखादा रूळ, तेवढे पुरते.

खेळ संपला की मुक्कामी पोहोचलेल्या वाघिणींच्याच बिल्ट्या उलटायच्या, आणि त्याही सगळ्या नाहीत. अमेरिकन रेल्वे माल भरण्या-उतरवण्यासाठी ठरावीक मुदत फुकट देत. ती उलटली की विलंब आकार लागे. त्यामुळे गिऱ्हाईक घाई करी, तरी वाघीण आली त्या क्षणी रिकामी होत नसे. म्हणून काही वाघिणी पुढच्या खेळातही जागच्या जागी उभ्या ठेवाव्यात. खरी गंमत इथेच आहे. तेलाची टाकी नळासमोर उभी आहे, तिच्या मागची रिकामी वाघीण काढायची आहे. मग आधी टाकी बाहेर काढा, रिकामी सोडवा आणि टाकी पुन्हा बरोबर नळासमोर लावा. हे शेवटचे काम नवखे हमखास विसरतात.

सायडिंगची दिशाही बघावी लागते. सांधा ओलांडून मागे ढकलता येत असेल तर काम सोपे. सायडिंग गाडीच्या तोंडाच्या दिशेने फुटत असेल, तर वाघीण ओढत आत शिरलेले इंजिन बंद टोकाला अडकते. म्हणून ते आधीच लूप लाइनवरून वळसा घालून मागे आणावे लागते, आणि लुपात मावतील तेवढ्याच वाघिणी एका खेपेत पलटवता येतात.

वाघिणींची खच्चून गर्दी मात्र करू नका. सायडिंग अर्ध्याहून थोड्या जास्त भरल्या की पुरे. हलवायला मोकळी जागाच उरली नाही तर पुन्हा कोडेच हाती येते.

नवे इंजिन घेण्याआधी चार-सहा कार्डे करून बघा. खर्च जाड कागदाचा आणि डिंकाचा.