‘दवा’ इथे, ‘खान्यात’ तिथे

दसरा झाला की तेलगावच्या चौकात ट्रक-ट्रॅक्टरची वर्दळ वाढते. धारूर तालुक्यातले हे गाव बीड-परळी आणि माजलगाव-धारूर रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे वसलेले. जवळच साखर कारखाना आहे. तरीही या भागातली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, अगदी कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. भांडीकुंडी, अंथरूण, लेकरे सगळे बरोबर जाते. मागे राहतात त्या गावातल्या आशाताई आणि अंगणवाडीताई. सहाव्या महिन्यातली गर्भवती फडावर गेली, दीड वर्षाच्या बाळाचा एक डोस राहिला, तर त्यांना गाठायला ताईंकडे एकच साधन उरते, मोबाइल.

हे साधन वाटते तितके भरवशाचे नाही. त्याची मापे कुठेतरी दूर ठरतात, आणि मराठीतला आरोग्याचा निरोप त्या मापांत बसतोच असे नाही.

सर्वांत साधे उदाहरण एसएमएसचे. इंटरनेट नसलेल्या बटणांच्या फोनवरही तो पोचतो, म्हणून सरकारी यंत्रणा आजही त्याच्यावर अवलंबून असते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी रूढ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, त्यामुळे मर्यादा थेट ७० वर येते. तीही अक्षरांची नव्हे, चिन्हांची. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारे हलन्त चिन्ह, सगळे वेगळे मोजले जाते. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. मोबाइलच्या लेखी सहा चिन्हे.

समजा निरोप असा आहे: ‘बाळाला जुलाब होत असतील तर ओआरएस द्या, अंगावरचे दूध थांबवू नका व दवाखान्यात या.’ बोटांवर मोजली तर ही ३९ अक्षरे. मोबाइलच्या हिशेबात मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून ७८. म्हणजे सत्तरच्या वर. मग निरोपाचे दोन तुकडे होतात आणि ते जोडण्याची खूण ठेवायची म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच राहतात. पहिला तुकडा संपतो ‘...दूध थांबवू नका व दवा’ इथे. दुसरा सुरू होतो ‘खान्यात या’ असा. बहुतेक फोन हे दोन्ही नीट जोडून दाखवतात. पण रेंज जाऊन-येऊन असलेल्या फडावर दुसरा तुकडा पोचलाच नाही, किंवा जुन्या फोनने दोन्ही सुटे दाखवले, तर हाती ‘दवा’ उरते आणि दवाखाना गळतो. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची, एक पुडी एक लिटर पाण्यात विरघळवायची, हे सांगायचे तर निरोप आणखी लांबतो. बिलही दोन-तीन एसएमएसचे येते. मराठीत काळजी घेणे असे इंग्रजीपेक्षा महाग पडते.

यातून सुटका म्हणून सगळे व्हॉट्सअ‍ॅपकडे वळले. २०१७ मध्ये पंधराशे रुपयांच्या अनामतीवर मिळणारा जिओफोन आला, पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही चालू लागले. बटणांच्या फोनवर फोटो आणि आवाजाचे संदेश मिळू लागले, ही लहान गोष्ट नव्हती. मग जून २०२४ मध्ये या फोनच्या कायओएस प्रणालीवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने उतरवून घेणे बंद झाले आणि ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांना २०२५ च्या सुरुवातीपर्यंतची मुदत मिळाली. फोन धडधाकट, बॅटरी चांगली, फक्त त्यातला गावचा गट गेला. कंपनीच्या दृष्टीने तो जुन्या प्रणालीचा खर्च असेल. फडावरच्या बाईसाठी आशाताईशी असलेला दुवा होता.

फोन स्मार्ट असला तरी अडचण आहेच. न पोचलेला संदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या यंत्रणेत ३० दिवस राहतो, नंतर पुसला जातो. महिनाभर रिचार्ज नसेल, तर लसीकरणाच्या तारखेचा निरोप कायमचा गेला. पाठवणाऱ्याकडे एकच टिक दिसत राहते, आणि शंभरेक जणांच्या गटात ती कोण तपासणार?

संदेश पुढे पाठवण्यावर आलेल्या मर्यादेबद्दल मात्र सरसकट नाराजी योग्य नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आली. करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये, खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. त्यानंतर अशा संदेशांची फिरती ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. ही चाळणी हवीच होती. पण तिला अफवा आणि ओआरएसची कृती यांत फरक कळत नाही. संदेशाआतले काही कंपनीला दिसत नसल्याने ती फक्त किती वेळा पुढे गेला एवढेच मोजते. खरा निरोप जितका गाजेल तितका तोही अडतो.

यावर कार्यकर्त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे मजकुराचे चित्र करून पाठवणे. चित्रात जोडाक्षर फुटत नाही, जुन्या फाँटचा मजकूर चौकोन होऊन येत नाही. पण चित्र दर पाठवणीत आणखी धूसर होऊ शकते, डेटा खाते, नंतर शोधून सापडत नाही. वाचता न येणाऱ्या आईला फोन मोठ्याने वाचून दाखवू शकला असता, तीही सोय जाते. स्टेटसवर ठेवले तर २४ तासांत नाहीसे. त्यापेक्षा ताईच्या ओळखीच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा संदेश बरा. लेखीच पाठवायचे तर करायची कृती पहिल्या चार-पाच शब्दांत यावी. ‘दवाखान्यात या’ हे शेवटी नव्हे, सुरुवातीला.

आवाजाची ताकद सरकारनेही ओळखली आहे. आरोग्य मंत्रालयाची ‘किलकारी’ सेवा गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला फोन करून माहिती ऐकवते. असे एकूण ७२ संदेश असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती महाराष्ट्रातही सुरू झाली. तिला अक्षरांची अडचण नाही, इंटरनेटची गरज नाही. मात्र फोन नोंदवलेल्या क्रमांकावरच येतो. तो बहुधा नवऱ्याचा असतो, आणि फोन वाजतो तेव्हा तो मोळ्या बांधत असतो. स्वस्त रिचार्जसाठी सिम बदलले, तर पुढचे सगळे संदेश भलत्याच माणसाकडे जातात किंवा कुठेच जात नाहीत. म्हणून कुटुंब निघण्याआधी क्रमांक एकदा पडताळून घेणे, शक्य असल्यास मुकादमाचा किंवा सोबतच्या दुसऱ्या जोडीचा क्रमांकही लिहून ठेवणे, हे पाच मिनिटांचे काम कुठल्याही नव्या अ‍ॅपपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आणि निघताना आईच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड आहे ना, हे पाहणे. त्यावर पेनाने लिहिलेली पुढच्या डोसची तारीख वाचून परजिल्ह्यातल्या उपकेंद्रातली नर्सही लस देऊ शकते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले तर ते पाचटात भिजतही नाही.